होखे फेलूवेच्या रानात सायकल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास दिसते. एकजण महिन्याभरात सायकलवर सराईत होतो आणि दुसरी "मला नाही जमायचं त्या गर्दीत" म्हणत ट्रामचं कार्ड काढून मोकळी होते. भारतातून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा तर सायकलला हातही लावत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांना सायकल येते पण कॉलेजनंतर चालवलेली नाही, आम्स्टरडॅमच्या सायकलवाटेवरची घाई पाहूनच ज्यांना धडकी भरते, ज्यांची मुलं आत्ता कुठे दोन चाकांवर तोल सावरू लागली आहेत, त्यांनी सुरुवात शहरात करूच नये. ती होखे फेलूवेच्या रानात करावी.

होखे फेलूवे हे खेल्डरलांड प्रांतातलं राष्ट्रीय उद्यान. आर्नेम, एडे आणि आपेलदोर्न या तीन शहरांच्या मधोमध साधारण 5,400 हेक्टरचा कुंपणाने वेढलेला प्रदेश. आत पाइनची झाडी, हेदर या बुटक्या झुडपांची माळरानं, वाळूचे उघडे पट्टे आणि 40 किलोमीटरहून जास्त सायकलवाटा. मोटारी फक्त ठरलेल्या रस्त्यांवरून जातात. सायकलवाटा बहुतेक ठिकाणी त्यांच्यापासून लांब, झाडांतून वळणं घेत जातात. मागून हॉर्न वाजेल, कुणी चिकटून पुढे जाईल ही धास्ती इथे उरत नाही. धास्ती गेली की पाय आपोआप चालतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

शिवाय सायकल तिथेच मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला: पहिल्या खेपेला स्वतःची सायकल नेऊ नका. घरची सायकल ट्रेनमध्ये चढवायची, उतरवायची, गर्दीत सांभाळायची, यात नवख्या माणसाचा अर्धा उत्साह प्रवासातच संपतो.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत केव्हाही चालेल. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हेदर फुलतं आणि माळ जांभळा होतो. आपल्याकडे कासला पावसाळ्यानंतर उसळते तशी गर्दी इथेही तेव्हा होते. सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हा लाल हरणांच्या माजाचा काळ. तेव्हा संध्याकाळी नरांच्या आरोळ्या लांबवर ऐकू येतात आणि त्या ऐकायला लोक मुद्दाम येतात. पण पहिल्यांदाच सायकलवर बसणार असाल तर या दोन्ही काळांतले शनिवार-रविवार टाळा. मे-जूनमधला एखादा साधा वार घ्या. दिवस मोठा असतो, ऊन बोचत नाही, वाटा मोकळ्या असतात.

उद्यानाची उघडण्या-मिटण्याची वेळ महिन्यागणिक बदलते. उन्हाळ्यात ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, हिवाळ्यात लवकर बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची वेळ आणि तिकिटाचे दर बघून घ्या. तिकीट ऑनलाइन काढलं तर फाटकावरची रांग वाचते.

तिकिटाचं गणित

यात बरेच जण फसतात, म्हणून नीट वाचा. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि आत असलेल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयाचं वेगळं. संग्रहालय उद्यानाच्या पोटात आहे, त्यामुळे फक्त संग्रहालयाचं तिकीट काढून चालत नाही. तुमच्याकडे म्युझियमकार्ट, म्हणजे संग्रहालयांचा वर्षाचा पास, असेल तर ते संग्रहालयाला चालतं, उद्यानाच्या प्रवेशाला नाही. मोटार आत न्यायची असेल तर तिचे आणखी पैसे. ते वाचवा आणि मोटार फाटकाबाहेरच्या वाहनतळावर लावा. सायकल चालवायलाच आला आहात, मोटार आत नेऊन करणार काय?

संग्रहालय सोमवारी बंद असतं. चित्रं बघायची असतील तर सोमवार सोडून या. फक्त सायकल चालवायची असेल तर सोमवार उत्तम.

कुठल्या फाटकातून शिरावं

फाटकं तीन. पश्चिमेला ओटरलो, ईशान्येला हूंडरलो, दक्षिणेला स्खार्सबर्गन. सगळा दिवस कसा जाईल हे या निवडीवर ठरतं, तेव्हा आधीच ठरवून या.

ओटरलोच्या फाटकापासून उद्यानाचा मध्यभाग, म्हणजे संग्रहालय, उपाहारगृह आणि सायकलींचा मोठा तळ, जेमतेम अडीच किलोमीटरवर आहे. हूंडरलोकडून साधारण चार. स्खार्सबर्गनकडून मात्र दहा. आर्नेम जवळ म्हणून पुष्कळ लोक स्खार्सबर्गनने शिरतात. दहा किलोमीटर जाऊन जेवेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात आणि परतीचे दहा अजून शिल्लक असतात. नवख्यांनी, लहान मुलं असलेल्यांनी आणि आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांनी ओटरलोच धरावं. अडीच किलोमीटरवर शौचालय, चहा-कॉफी आणि बाकडं मिळणार हे माहीत असलं की जिवाला स्वस्थता असते.

रेल्वेने येत असाल तर एडे-वाखेनिंगन स्थानक सोयीचं. आम्स्टरडॅमहून तासाभरात, उट्रेख्टहून त्याच्या निम्म्या वेळात पोचता. तिथून ओटरलोकडे बस जाते. बसचे क्रमांक आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा प्रवासाच्या दिवशी बस-ट्रेनच्या वेळा दाखवणाऱ्या 9292 च्या ॲपमध्ये ओटरलो किंवा थेट क्रोलर-म्युलर म्युझियम टाकून बघा. परतीच्या शेवटच्या बसची वेळही तेव्हाच टिपून ठेवा. रविवारी बस कमी असतात.

पांढरी सायकल निवडताना

फाटकाजवळच्या तळावर पांढऱ्या सायकली ओळीने उभ्या असतात. उद्यानात अशा 1,800 सायकली आहेत. नोंद नाही, अनामत नाही, कुलूपही नाही. घ्यायची आणि निघायचं.

याच्या मुळाशी 1965 सालची एक कल्पना आहे. आम्स्टरडॅममधल्या प्रोवो नावाच्या तरुणांच्या चळवळीने शहरात पांढऱ्या रंगाच्या, सर्वांनी वापरायच्या फुकट सायकली ठेवायचं ठरवलं होतं. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावलेली सायकल रस्त्यात ठेवणं तेव्हाच्या नियमात बसत नव्हतं. शहरात फसलेली ती कल्पना या रानात 1970च्या दशकाच्या मध्यापासून नांदते आहे. जगभर शहराशहरांत आज सार्वजनिक सायकली दिसतात, त्यांच्या वंशावळीत ही पांढरी सायकल फार वर आहे, आणि ती कुंपणाच्या आत सर्वांच्या विश्वासावर अजून फिरते याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता निवडायची कशी. घाईने पहिली दिसली ती उचलू नका. आधी उंची. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. शहरात तज्ज्ञ लोक सीट उंच ठेवायला सांगतात, ते त्यांच्या जागी बरोबर, पण तोल अजून परत यायचा असेल तर पाय टेकणं महत्त्वाचं. मग टायर अंगठ्याने दाबून बघा. हँडल सरळ आहे का, चेन खरखरते का, सीट डुलते का, हे तळावरच पाच-दहा पावलं चालवून कळतं. काही खटकलं तर सायकल जागेवर ठेवा आणि दुसरी घ्या. मुलांच्या वेगळ्या लहान सायकली आहेत. काहींना मागे बाळाची खुर्ची असते. दोघांनी मिळून चालवायच्या आणि अपंगांसाठी खास बनवलेल्या सायकली मोजक्या, त्यांची चौकशी आधी करावी.

या सायकलींना गिअर नसतात आणि हँडलवर ब्रेकचा दांडा शोधायला जाऊ नका. ब्रेक पेडलमध्ये आहे. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक अडतं. भारतातून आलेल्या माणसाला खरी सवय करावी लागते ती याची, कारण उतारावर पाय मोकळे सोडून उगाच उलटं पेडल फिरवायची आपली लहानपणापासूनची खोड. माझे बाबा कोल्हापूरला अनेक वर्षं सायकलने कामावर जायचे. इथे तळावरून निघाले, ऐटीत चार पेडल मारली, सवयीने पाय उलटे फिरवले आणि सायकल जागच्या जागी थबकली. "अगं, चेन अडकली बघ," म्हणत ते खाली उतरले. "बाबा, अडकली नाही, तोच ब्रेक आहे," हे पटवून द्यायला थोडा वेळ गेला. त्यानंतर ते तळाच्या मोकळ्या जागेत दोनदा गोल फिरले, मुद्दाम थांबले, पुन्हा निघाले, आणि मग पुढचा रस्ता त्यांनीच दाखवला.

तुम्हीही तसंच करा. वाटेला लागण्यापूर्वी मोकळ्या जागेत थांबण्याचा सराव करा. थांबताना पेडल हळूहळू मागे दाबा, झटका देऊ नका. आणि थांबाल तेव्हा एक पेडल पुढे, किंचित वर राहील असं बघा, कारण या सायकलीचं पेडल उलटं फिरवून निघण्याच्या जागी आणता येत नाही. चुकून खाली राहिलंच तर मागचं चाक जरासं उचला, पेडल पुढच्या दिशेने फिरवून वर आणा, मग पाय ठेवा. ही एक युक्ती कळली की टांग मारून बसायची सवय असलेली काकूसुद्धा न डळमळता निघते.

कुलूप नाही, याचा व्यवहारातला अर्थ लक्षात ठेवा. तुम्ही संग्रहालयात गेलात आणि बाहेर आलात की तुमची सायकल तिथे असेलच असं नाही. दुसऱ्या कुणी नेली असेल. मग तुम्ही तिथली कुठलीही पांढरी घ्यायची. म्हणून सायकलवर पिशवी, जॅकेट, हेल्मेट अडकवून जाऊ नका. मुलाची नीट मापाची सायकल मिळाली असेल आणि ती गमवायची नसेल तर गर्दीच्या तळावर सोडण्याऐवजी एकाने तिच्यापाशी थांबावं. परताना सायकल फाटकाच्या तळावर ठेवायची. पांढऱ्या सायकलीने फाटकाबाहेर जायचं नाही.

वाटेवरचे शिरस्ते

उजवीकडून चालायचं. हे सांगायची गरज आहे, कारण रान मोकळं दिसलं की आपलं शरीर आपोआप डावीकडे सरकतं आणि समोरून येणारा बिचारा गोंधळतो. मुलांना निघतानाच एकदा म्हणून घ्यायला लावा: उजवा हात, उजवी बाजू.

जोडीने शेजारी चालवायला या देशात परवानगी आहे, पण समोरून कुणी आलं की एकामागे एक व्हा. मागून घंटी वाजली की उजवीकडे सरका, वळून बघत बसू नका. वळून बघताना हँडल वळतं आणि नवख्यांचे बहुतेक धक्के तिथेच बसतात. फोटोसाठी थांबायचं असेल तर वाट सोडून पूर्ण बाजूला उभे राहा. फोन हातात धरून सायकल चालवणं 2019 पासून देशभर बेकायदा आहे आणि दंड जबर आहे. हेल्मेटची सक्ती नाही. तरी मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना मी घालायला लावते, ते घरून न्यावं लागतं.

वाटा बहुतेक गुळगुळीत आहेत, पण कडेला वाळू असते. पुढचं चाक वाळूत गेलं की हँडल आपोआप फिरतं. अशा वेळी हँडलशी झटापट करू नका, पेडल थांबवा, पाय टेका. शरद ऋतूत पानं आणि ओकची फळं वाटेवर पडतात, ओल्या पानांवरून वळताना वेग कमी करा.

पहिला दिवस: एवढंच करा

ओटरलोच्या फाटकातून शिरा, मध्यभागापर्यंत जा, थोडं बसा. तिथून उत्तरेला सिंट ह्युबेर्टसच्या शिकारघराकडे जा, तळ्याकाठी खाणं उघडा, आणि परत या. सगळं मिळून 12 ते 15 किलोमीटर होतात. रोज सायकल चालवणाऱ्याला ही तासाभराची चैन. तुम्ही तिला आख्खा दिवस द्या.

वाटेतल्या नाक्यांवर दिशाफलक आहेत आणि फाटकावर नकाशा मिळतो. तो कागदाचा नकाशा घ्याच. झाडीत फोनची रेंज अधूनमधून जाते, आणि सतत फोनकडे बघणारा माणूस रान बघत नाही.

सिंट ह्युबेर्टसपाशी पोचलात की तळ्याच्या पलीकडून इमारतीकडे बघा. विटांची, उंच मनोऱ्याची ही वास्तू बेर्लाखे या नामवंत डच वास्तुरचनाकाराने 1914 नंतरच्या वर्षांत उभी केली. वरून पाहिलं तर तिचा आराखडा हरणाच्या शिंगांसारखा आहे. ह्युबेर्टस हा शिकाऱ्यांचा संत, त्याला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला अशी कथा आहे, तिला धरून ही रचना. आतून बघायचं तर मार्गदर्शकाबरोबरची फेरी आधी आरक्षित करावी लागते.

हे रान कुणी राखलं, हेही कळायला हवं. आंतोन क्रोलर हा बडा व्यापारी आणि हेलेन म्युलर ही त्याची जर्मन बायको. त्याला शिकारीचा नाद, तिला चित्रांचा. 1909 पासून त्यांनी फेलूवेत जमिनी घ्यायला सुरुवात केली. पुढे धंदा डबघाईला आला आणि सगळं तुकड्यातुकड्याने विकलं जायची वेळ आली. तेव्हा 1935 मध्ये चित्रसंग्रह डच सरकारकडे गेला, जमीन एका न्यासाकडे सोपवली गेली, आणि 1938 मध्ये संग्रहालय उघडलं. व्हॅन गॉगची जवळपास 90 चित्रं आणि 180हून अधिक रेखाटनं आज तिथे आहेत. जगात यापेक्षा मोठा संग्रह फक्त आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. पण पहिल्या दिवशी सायकल आणि संग्रहालय दोन्ही कोंबू नका. दोन्हींवर अन्याय होतो.

अंगात दम उरला असेल आणि वेळ असेल तर परतताना ओटरलोसे झांडच्या बाजूने या. झाडी अचानक सरते आणि समोर उघडी वाळू पसरते. हॉलंडमध्ये हे असं काही असेल यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. ही वाळू हिमयुगाची देणगी आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या हिमनद्यांनी वाळू-गोटे रेटून फेलूवेच्या टेकड्या उभ्या केल्या. नंतर माणसांनी शतकानुशतकं मेंढ्या चारल्या, शेणखतात मिसळायला हेदरची ढेकळं खरवडून नेली, आणि झाकण गेलेली वाळू वाऱ्यावर उडू लागली. ती बांधून ठेवायला पुढे पाइन लावले. तुम्ही ज्या सावलीतून सायकल चालवता ती बरीचशी अशी मुद्दाम लावलेली सावली आहे.

जनावरं, आणि एक बारीक किडा

लाल हरणं, भेकरांएवढी छोटी रो हरणं, रानडुकरं आणि मूफ्लॉन नावाच्या रानमेंढ्या इथे आहेत. दुपारच्या गर्दीत ती दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, निरीक्षणाच्या जागांवर शांत बसलात तर दिसतात. वाट सोडून त्यांच्यामागे जायचं नाही, खायला द्यायचं नाही. रानडुकरीण पिल्लांसह दिसली तर लांबूनच थांबा आणि तिला जाऊ द्या.

गेल्या काही वर्षांत इथे लांडगेही आले आहेत. आल्यापासून मूफ्लॉनची संख्या फार घटली आहे. लांडगा दिसण्याची शक्यता कमी, पण फाटकावर लावलेल्या ताज्या सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लहान मुलांना पुढे एकटं सोडू नका, ती कायम नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यात हवीत. दिसलाच तर पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून ताठ उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं, हळूहळू मागे सरायचं. कुत्रा बरोबर असेल तर तो पट्ट्यातच हवा.

मला खरी काळजी वाटते ती गोचिडीची. उंच गवतात, झुडपांत ती असते आणि काही गोचिडींमधून लाइम हा आजार होतो. वाटेवर सायकल चालवताना धोका कमी. जेवायला गवतात बसलात, मुलं झाडीत शिरली की वाढतो. बसायला सतरंजी न्या, मुलांना पायघोळ पँट आणि मोजे घाला. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे, केसांच्या कडेला नीट बघा. औषधांच्या दुकानात गोचीड काढायचा चिमटा मिळतो. कातडीच्या अगदी जवळ धरून सावकाश ओढून काढा, तेल वा स्पिरिट आधी लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर तुमच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, लगेच दाखवा.

डबा, पाणी, पाऊस

मध्यभागी पार्क पॅव्हिलिऑन नावाचं उपाहारगृह आहे. ठीक आहे. पण तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, याला तोड नाही. दही घातलेलं काही नेऊ नका, सॅकमध्ये हिंदकळतं. पाण्याची एकेक बाटली प्रत्येकाकडे असावी. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. ओढणी, साडीचा पदर, लांब स्कार्फ हे चाकात जाऊ शकतं, तेव्हा आईला त्या दिवशी पँट-कुर्ता घालायला राजी करा. कचरा परत आणायचा. उन्हाळ्यात रान कोरडं ठणठणीत असतं, ठिणगीसुद्धा पेट घेते, म्हणून विडी-सिगारेट, छोटी शेगडी यांचा विचारही नको.

पावसासाठी बाउएनराडार ॲप बघा, पुढच्या दोन तासांतली सर कधी येणार ते बऱ्यापैकी कळतं. छत्री नको, एका हाताने सायकल चालवायची ही वेळ नव्हे. हलकं रेनकोट-जॅकेट आणि हातमोजे पुरतात.

दुसरा टप्पा: कुंपणाबाहेर

आतल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तुम्हाला स्वतःहून लांब जावंसं वाटेल. आता स्वतःची सायकल न्या किंवा स्थानकावर ओव्ही-फीट्स घ्या. ती रेल्वेची भाड्याची सायकल, वैयक्तिक प्रवासकार्डावर आधी सेवा सुरू करून घ्यावी लागते, आणि एका कार्डावर दोन मिळतात. स्वतःच्या सायकलीने उद्यानातून जायचं तरी माणशी तिकीट लागतंच.

बाहेर वाट शोधायची ती क्नोपपुंटांच्या आधारे. सायकलवाटा जिथे मिळतात तिथे क्रमांक असलेला फलक असतो, आणि पुढच्या क्रमांकांकडे जाणारे बाण. घरी नकाशात बघून कागदावर आठ-दहा आकडे ओळीने लिहायचे, कागद हँडलला चिकटवायचा, आणि एकेक आकडा खोडत जायचं. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात 1995 मध्ये ही पद्धत सुरू झाली. ती सुचली हुगो बॉलन या खाणीतल्या अभियंत्याला. जमिनीखालच्या बोगद्यांत वाट चुकू नये म्हणून नाक्यांना दिलेले क्रमांक त्याने जमिनीवर आणले. नवख्यांसाठी याहून सोपं काही मी पाहिलेलं नाही. आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या छापील यादीवर विसंबू नका, निघण्याआधी ताजा नकाशा बघा.

बाहेर काही ठिकाणी मोटाररस्ता ओलांडावा लागतो. जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग तुमच्याकडे टोकं करून असेल तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. टोकं त्यांच्याकडे असतील तर ते थांबतात. काहीच खूण नसलेल्या नाक्यावर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. गोल निळ्या फलकावर पांढरी सायकल दिसली की ती सायकलवाट, तिच्यावरूनच जायचं.

माझी आवडती फेरी सांगते. एडे-वाखेनिंगन स्थानकाहून निघून खिंकेल्से हेडेच्या माळावरून ओटरलो, तिथून उद्यानात, मध्यभागी जेवण, मग दक्षिणेला झाडी आणि माळ कापत स्खार्सबर्गनच्या फाटकाने बाहेर, आणि शेवटी आर्नेम स्थानक. सगळं मिळून साधारण 35 किलोमीटर. खिंकेल्से हेडेवर 18 सप्टेंबर 1944 ला आर्नेमच्या लढाईसाठी ब्रिटिश छत्रीधारी सैनिक उतरले होते, दर सप्टेंबरात तिथे स्मरणाची उडी होते. एरवी तिथे मेंढ्यांचा कळप चरत असतो. अख्ख्या फेरीत मोटारींशी संबंध येतो तो एडे आणि आर्नेम शहरांत आणि मधल्या काही ओलांडण्यांवर.

ही फेरी एडेकडून आर्नेमकडे अशीच करा, उलटी नको. या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असतो, तो निदान सुरुवातीला फार आडवा येत नाही. आणि आर्नेम ऱ्हाइनकाठी खोलात आहे. तिथून स्खार्सबर्गनपर्यंतचा चढ सौम्य असला तरी संपता संपत नाही, आणि बिनागिअरची ओव्ही-फीट्स असेल तर दिवसाच्या सुरुवातीलाच पाय भरून येतात. उलट दिशेने तोच उतार थकल्या पायांना मिळतो. फक्त ओव्ही-फीट्स एडेला घेऊन आर्नेमला सोडली तर जादा पैसे लागतात, त्यामुळे या फेरीला स्वतःची सायकल बरी.

आणखी लांब जायचं असेल तर हूंडरलोहून वायव्येला राडियो कोटवेइक गाठा. रानाच्या मधोमध काँक्रीटचं एक भव्य धूड उभं आहे. 1923 पासून इथून त्या वेळच्या डच वसाहतीशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी, बिनतारी संपर्क चाले. जवळच कोटवेइकरझांडचा वाळूपट्टा आहे. तिथून आपेलदोर्न स्थानकाकडे उतरता येतं. ही वाट चढउतारांची आहे, मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर न्या.

स्वतःची सायकल ट्रेनमधून नेताना सायकलीचं वेगळं दिवसाचं तिकीट काढावं लागतं. कामाच्या दिवशी सकाळी 6:30 ते 9 आणि दुपारी 4 ते 6:30 या वेळात सायकल चढवता येत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. घडीची सायकल घडी करून नेली तर केव्हाही आणि फुकट. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असेल तिथूनच चढा, आणि आर्नेमला संध्याकाळी पोचणार असाल तर 6:30 नंतरची गाडी धरून उरलेलं वेळापत्रक उलट मोजत लावा.